जिवंत धोंड्यांची यात्रा

पवित्र भूमीच्या ख्रिस्ती तीर्थयात्रेचा एक प्रकार. येशूच्या जीवनाशी निगडित स्थळांच्या दर्शनाइतकेच महत्त्व यात तेथे संघर्षात दिवस काढणाऱ्यांच्या, विशेषतः पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबांच्या, भेटीला असते. नाव पेत्राच्या पहिल्या पत्रातील (२:५) ‘जिवंत धोंड्यां’वरून पडले. चर्चच्या भिंती न्याहाळायच्या आणि तिथे रविवारी उपासनेला येणाऱ्यांची विचारपूसही करायची नाही, या रूढ सहलीवरचा आक्षेप त्या नावातच आहे.

जेरुसलेमहून बेथलेहेम जेमतेम दहा किलोमीटर. रूढ सहलीची बस सकाळी निघते, येशूच्या जन्मगुहेपुढची रांग आणि ऑलिव्हच्या लाकडी मूर्तींचे दुकान उरकून दुपारी परतते. या यात्रेत बेथलेहेम किंवा शेजारच्या बेत साहूरला दोन-तीन रात्री मुक्काम, रविवारी अरबी उपासना, १९५० साली वसलेली ऐडा निर्वासित छावणी आणि इस्राएलने २००२ पासून उभारलेली विभाजक भिंत असा क्रम असतो. वसई-गोव्याचे गट हॉटेल स्वस्त म्हणून पुष्कळदा बेथलेहेमलाच उतरतात. पण पहाटे बसमध्ये बसून बाहेर पडायचे असल्याने गाव अनोळखीच राहते.

आखणी चुकते ती बहुधा मार्गदर्शकापाशी. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो या इस्राएल-पॅलेस्टिनी करारातील ‘अ’ विभागात, म्हणजे बेथलेहेमसारख्या पॅलेस्टिनी प्रशासनाखालच्या भागात, इस्राएली नागरिकांना प्रवेश नाही. वाटेवर तसे लाल फलक आहेत. म्हणून दोन्ही बाजू ऐकवणारे गट दोन मार्गदर्शक नेमतात आणि नाक्यापाशी त्यांची अदलाबदल होते. परदेशी प्रवासी जेरुसलेम-बेथलेहेम वाटेवरचा ‘३०० क्रमांका’चा इस्राएली तपासनाका सहसा बसमध्ये बसूनच ओलांडतात. काही गट मुद्दाम पायी जातात. ऑक्टोबर २०२३ पूर्वी इथे परवानाधारक मजुरांची रांग उजाडण्याआधीच लागे. त्या महिन्यातल्या हमासच्या हल्ल्यानंतर बहुतेक परवाने थांबवले गेले आणि यात्रेकरूही रोडावले.

हेब्रोनला वार पाहून जावे. अब्राहामाच्या कबरीच्या वास्तूत १९९४ साली एका ज्यू वसाहतवाल्याच्या गोळीबारात २९ नमाजी ठार झाले. त्यानंतर ती मशीद आणि सिनेगॉग अशी विभागली गेली. शुक्रवारी मशिदीचा, शनिवारी सिनेगॉगचा भाग पर्यटकांना सहसा बंद असतो. शिवाय वर्षातून दहा-दहा दिवस संपूर्ण वास्तू एकाच समाजाकडे जाते.

इस्राएलमध्ये शिरताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्याऐवजी छोटी निळी प्रवेशचिठ्ठी मिळते. ती हॉटेलच्या खोलीत न ठेवता पासपोर्टातच ठेवावी, कारण नाक्यावर तीच मागतात. सैनिकांचे आणि छावणीतल्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

एका दिवसात दोनहून अधिक भेटी ठेवल्या की तिसऱ्या घरी पाहुणे नुसतीच मान डोलावतात आणि यजमानाला ते कळते. दुसरा दोष जास्त गंभीर आहे: एकाच बाजूचे दुःख ऐकून परतणे. शोकग्रस्त इस्राएली व पॅलेस्टिनी कुटुंबे एकत्र बसवणारी ‘पेरेंट्स सर्कल’ ही १९९५ पासूनची संघटना म्हणूनच अनेक गटांच्या कार्यक्रमात असते.