विद्यापीठाचा ई-मेल कुणाला मिळतो, अर्ज कसा करायचा आणि शिक्षण संपल्यावर त्याचं काय होतं

प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाकडून एक मेल आयडी मिळतो. परीक्षेचं वेळापत्रक, शुल्काची पावती, ग्रंथालयाच्या सूचना, मार्गदर्शकांची उत्तरं, सगळं त्याच पत्त्यावर येतं. अनेक विद्यापीठांच्या नियमांत तर लिहिलेलंच असतं की या पत्त्यावर पाठवलेली सूचना विद्यार्थ्याला मिळाली असं धरलं जाईल. त्यामुळे ‘मी तो मेल उघडतच नाही’ ही सबब मुदत उलटल्यावर कामाला येत नाही.

हा पत्ता तुमच्या नावाचा असला, तरी तो मिळतो तुम्ही विद्यापीठात आहात म्हणून. तिथलं नातं संपलं की पत्ताही जातो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती आधी सांगितली.

कुणाला मिळतो?

नियमित विद्यार्थी, संशोधक विद्यार्थी, अध्यापक आणि कायम कर्मचारी यांना मिळतोच. प्रकल्पावरचे तात्पुरते कर्मचारी, पाहुणे अध्यापक आणि बाहेरून आलेले संशोधक यांना ठरावीक मुदतीपुरता मिळतो. निवृत्त अध्यापकांचा पत्ता चालू ठेवायचा की नाही, हे ज्या त्या विद्यापीठाच्या धोरणावर असतं. याशिवाय विभाग, परिषद किंवा विद्यार्थी मंडळ यांच्यासाठी सामायिक मेलबॉक्स मागता येतो. प्रवेशाची विचारणा केलेल्या किंवा प्रतीक्षा यादीत असलेल्या उमेदवाराला तो मिळत नाही. नोंदणी क्रमांक पडेपर्यंत थांबावं लागतं.

अर्ज करावा लागतो का? कागदपत्रं कोणती?

नव्या विद्यार्थ्याला सहसा वेगळा अर्ज करावा लागत नाही. प्रवेश विभागाची यादी संगणक केंद्राकडे जाते, तिथे खातं तयार होतं आणि प्रवेशाच्या वेळी दिलेल्या वैयक्तिक मेलवर किंवा मोबाइलवर कळवलं जातं. म्हणून प्रवेश अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, अर्ज भरून देणाऱ्याचा नको. खातं सुरू करताना नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख विचारली जाते, आणि पडताळणीचा कोड त्या नंबरवर जातो. नंबर दुसऱ्याचा असेल तर गाडी पहिल्याच पायरीवर अडते.

तात्पुरते कर्मचारी, पाहुणे अध्यापक आणि सामायिक मेलबॉक्स यांच्यासाठी मात्र अर्ज लागतो. त्यात दप्तरी आहे तसं पूर्ण नाव, विभाग, पद, खातं कधीपासून कधीपर्यंत हवं ती मुदत आणि विभागप्रमुखांची सही असते. सोबत नियुक्तीपत्राची आणि ओळखपत्राची प्रत जोडावी लागते. मुदतीचा रकाना नीट भरा. नियुक्तीपत्रात जी शेवटची तारीख असते त्याच दिवशी खातं आपोआप बंद होईल अशी नोंद बऱ्याच ठिकाणी केलेली असते. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, पगारही चालू राहिला, पण वाढीव मुदतीचं पत्र संगणक केंद्राकडे पोचलंच नाही, तर ऐन कामात मेल बंद पडतो. हे पत्र आपोआप तिकडे जाईल असं समजू नका, स्वतः नेऊन द्या.

सामायिक मेलबॉक्ससाठी जबाबदार व्यक्ती म्हणून दोन नावं द्यावीत, आणि त्यांतलं एक तरी कायम कर्मचाऱ्याचं असावं. दरवर्षी बदलणाऱ्या विद्यार्थी सचिवाच्या एकट्याच्या नावावर मेलबॉक्स घेतला, तर पुढच्या वर्षीच्या सचिवाच्या हाती काहीच लागत नाही.

नाव चुकीचं पडलंय, बदलता येईल का?

येतं, पण क्रम महत्त्वाचा आहे. मेलचं नाव दप्तरी नोंदीवरून येतं. आधी नोंदणी विभागात दुरुस्ती करून घ्या, मग दुरुस्तीचा पुरावा घेऊन संगणक केंद्रात जा. उलट केलं तर पुढच्या वेळी यादी अद्ययावत होताना जुनं नाव परत येऊ शकतं. नाव कायदेशीररीत्या बदललं असेल तर नवा पत्ता मुख्य करून जुना जोडपत्ता म्हणून ठेवायला सांगा. मग जुन्या पत्त्यावर येणारे मेलही त्याच खात्यात पडत राहतात.

पहिलं लॉगिन

इथे दोन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. एक म्हणजे नावापुरता भाग टाकला जातो आणि विद्यापीठाच्या डोमेनसकट, म्हणजे @ नंतरच्या भागासकट, पूर्ण पत्ता टाकायचा राहतो. दुसरं म्हणजे ब्राउझरमध्ये वैयक्तिक खातं आधीच उघडं असतं, त्यामुळे विद्यापीठाची लिंक त्या खात्यात उघडते आणि ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं दिसतं. ब्राउझरमध्ये विद्यापीठासाठी वेगळं प्रोफाइल केलं की हा त्रास कायमचा जातो.

तात्पुरता पासवर्ड बदलला की दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड, लावायला सांगतात. ऑथेंटिकेटर ॲप सहा आकडी कोड दाखवतं आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी तो बदलतो. हे झाल्यावर लगेच बॅकअप कोड काढून घ्या. गूगलच्या खात्यात असे १० कोड एका वेळी मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून फोनपासून वेगळे ठेवा, कारण त्यांची गरज पडते ती फोन हरवल्यावरच. फोन बदलताना आधी नव्या फोनवर ॲप चालू करा, कोड येतोय हे बघा आणि मगच जुना फोन पुसा.

पासवर्ड विसरला आणि कोडही नाहीत, तर ओळखपत्र घेऊन संगणक केंद्रात स्वतः जाणं हा सरळ मार्ग. फोनवर सांगून पासवर्ड बदलून मिळत नाही म्हणून चिडू नका. फोनवरून कुणीही तुमचं नाव सांगू शकतो, हा नियम तुमच्याच रक्षणासाठी आहे.

फोनच्या मेल ॲपमध्ये खातं जोडलं जात नाही

पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ दाखवतो, ही फार जुनी तक्रार आहे. बहुतेक विद्यापीठांची सेवा आता गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर चालते. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपला आत घेण्याची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली, आणि गूगलनेही पुढे तेच केलं. खातं जोडताना ‘इतर’ किंवा ‘आयमॅप’ न निवडता ‘गूगल’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ निवडा. मग विद्यापीठाचं लॉगिन पान उघडतं आणि पुढचं काम सुरळीत होतं.

विद्यापीठाचे मेल वैयक्तिक पत्त्यावर वळवू का?

माझं स्पष्ट मत, वळवू नका. मेल वळवला की तो मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने, पण विद्यापीठाच्या सर्व्हरवरून पुढे जातो. घेणारी सेवा तपासते की या सर्व्हरला त्या नावाने मेल पाठवायची मुभा आहे का. ती नसते, म्हणून मेल स्पॅममध्ये पडतो किंवा नाकारला जातो. हे सगळ्या मेलचं होत नाही, काही मेल नीट पोचतात, आणि धोका तिथेच आहे. सगळं येतंय असं वाटत राहतं आणि शिष्यवृत्तीचा एक मेल नेमका येत नाही. शिवाय उत्तर वैयक्तिक पत्त्यावरून गेलं, तर कार्यालय ते ग्राह्य धरेलच असं नाही. फोनमध्ये दोन्ही खाती शेजारी शेजारी ठेवा, काम भागतं.

फाइल २० एमबीची, मर्यादा २५ एमबीची, तरी जात नाही

मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर अक्षरांत होतं आणि तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. २० एमबीची फाइल अशी जवळपास २७ एमबीची होते. १८ एमबीच्या वर गेलात की ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हची लिंक पाठवा आणि समोरच्याला ती बघायची परवानगी दिली आहे ना, हे आधी तपासा. प्रबंधाच्या शेवटच्या दिवशी परीक्षकांकडून ‘परवानगी मागितली आहे’ असा मेल येणं परवडत नाही.

जागा भरली असेल तर मोठ्या जोडण्या असलेले मेल आधी काढा आणि कचरापेटीही रिकामी करा. जीमेलच्या कचरापेटीतलं सगळं ३० दिवसांनी आपोआप जातं, तोवर ते जागा अडवून बसतं. पूर्वी शैक्षणिक खात्यांना गूगल अमर्याद जागा द्यायचं. २०२१ मध्ये त्यांनी धोरण बदललं आणि पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मूळ मर्यादा घातली. त्यामुळे विद्यापीठं आता प्रत्येकाला वाटा ठरवून देतात.

हा मेल खरा आहे का?

‘तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे. २४ तासांत पडताळणी न केल्यास खातं बंद होईल. खालील बटणावर क्लिक करा.’ या तीन वाक्यांत भीती आहे, घाई आहे आणि एक बटण आहे. आता पाठवणाऱ्याचं नाव बाजूला ठेवून त्याखालचा पूर्ण पत्ता वाचा. नाव ‘मदत कक्ष’ असेल, पण पत्त्याचा शेवट विद्यापीठाच्या डोमेनने होत नसेल. शेवट बरोबर असला तरी विश्वास ठेवू नका, कारण एखाद्या विद्यार्थ्याचं खातं हातात आलं की तिथूनच हजारोंना असे मेल सुटतात. बटण न दाबता विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः उघडा आणि खात्यात शिरून जागा किती उरली ते बघा. संगणक केंद्र पासवर्ड किंवा पडताळणीचा कोड कधीही मागत नाही. कोड देऊन बसला असाल तर लगेच पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, मेल वळवण्याचा एखादा नियम कुणी गुपचूप घातला आहे का तपासा आणि केंद्राला कळवा. वळवण्याचा नियम बघायचा बहुतेकांकडून राहून जातो, आणि पासवर्ड बदलूनही मेल बाहेर जात राहतात.

खासगी गोष्टींसाठी वापरला तर?

खातं संस्थेचं आहे. चौकशी किंवा कायदेशीर कारणासाठी नियमानुसार ते उघडता येतं. बँक, वैद्यकीय कागद, घरचे व्यवहार यांना इथे आणू नका.

शिक्षण संपल्यावर

काही ठिकाणी निकालानंतर काही महिने मुदत मिळते, काही ठिकाणी माजी विद्यार्थी म्हणून वेगळा पत्ता मिळतो, काही ठिकाणी खातं थेट बंद होतं. शेवटचं सत्र सुरू झालं की आपल्याकडचा नियम वाचा आणि आवराआवर सुरू करा. या पत्त्यावर उघडलेली नोकरीच्या संकेतस्थळांवरची, प्रोग्रामचा कोड साठवण्याची, संशोधन नियतकालिकांची खाती आधी वैयक्तिक पत्त्यावर न्या. खातं बंद झाल्यावर ‘पासवर्ड विसरलो’ची लिंक ज्या पत्त्यावर जाते तो पत्ताच नसतो.

मेल आणि फाइल नेण्यासाठी गूगलमध्ये टेकआउटची सोय आहे. शैक्षणिक खात्यातून वैयक्तिक खात्यात थेट प्रत पाठवण्याची सोयही गूगलकडे आहे, विद्यापीठाने ती चालू ठेवली असेल तर तीच सोपी. गटाच्या सामायिक फाइल तुमच्या मालकीच्या असतील तर मालकी गटात राहणाऱ्या कुणाकडे द्या, नाहीतर तुमच्या खात्याबरोबर त्यांच्याही फाइल जातील. शोधनिबंधात संपर्कासाठी विद्यापीठाचा पत्ता छापला असेल, तर ऑर्किडच्या (ORCID, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) नोंदीत वैयक्तिक पत्ताही जोडा. निबंध वाचून कुणी पाच वर्षांनी शोधत आला, तर त्याला तुम्ही सापडायला हवं.

आणि काही राहूनच गेलं असेल तर त्याच आठवड्यात संगणक केंद्राला लेखी अर्ज द्या. काढून टाकलेलं खातं प्रशासकाला गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवसांपर्यंत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं. अर्जात नोंदणी क्रमांक, जुना मेल पत्ता आणि नेमकं काय हवं आहे ते लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा आणि पोच घ्या.