एसएसडीची झीज आणि लिनक्स

एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह. ती झिजते लिहिण्यापुसण्याने. वाचण्याने तिला फारसे काही होत नाही. लिनक्स संगणकावर नको ते लेखन कमी करून आणि ड्राइव्हला रिकाम्या जागेची खबर देत राहून तिचे आयुष्य वाढवता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या दुकानांत जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क काढून एसएसडी घालण्याचे काम नेहमीचे आहे, आणि नवा विंडोज पेलत नाही अशा यंत्रांवर लिनक्स बरा चालतो. त्यामुळे ‘ही किती दिवस टिकेल?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाकडून हमखास येतो.

एसएसडीतील नँड फ्लॅश या प्रकारच्या चिपच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार कोंडून माहिती साठवतात. लिहिताना-पुसताना हा भार पातळ ऑक्साइडच्या थरातून ढकलावा लागतो आणि दर खेपेला तो थर थोडा बिघडतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी साधारण १,००,००० फेऱ्या सोसते, तीन बिटांची टीएलसी १,००० ते ३,०००, तर चार बिटांची क्यूएलसी त्याहून कमी. त्यात आणखी एक अडचण. लिहिता येते पानापानाने (पान म्हणजे चिपवरचा छोटा कप्पा), पण पुसायचा तो शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. पाटीवरचे एक अक्षर बदलायला सगळी पाटी पुसून बाकीचा मजकूर पुन्हा लिहावा, तसा प्रकार. म्हणून आपण लिहितो त्यापेक्षा चिपवर प्रत्यक्षात जास्त लिहिले जाते. यालाच लेखनवाढ म्हणतात. ड्राइव्ह काठोकाठ भरलेली असेल तर ती आणखी वाढते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

फाइल काढून टाकली तरी ते ड्राइव्हला आपोआप कळत नाही. ते कळवणाऱ्या आज्ञेला ट्रिम म्हणतात. साटा जोडणीच्या ड्राइव्हसाठी ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २.६.३३ या आवृत्तीपासून (२०१०) आहे. उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत ‘एफएसट्रिम’चा टाइमर आठवड्यातून एकदा हे काम करतो, आणि घरगुती यंत्राला तेवढे पुरते. दोन ठिकाणी मात्र गाडी अडते. यूएसबी पेटीत घातलेल्या ड्राइव्हपर्यंत ट्रिम बऱ्याचदा पोहोचत नाही, आणि लक्स पद्धतीने कुलूपबंद केलेल्या डिस्कवर ती कधी कधी मुद्दाम चालू करावी लागते.

बाकीच्या उपायांपैकी कित्येक जुन्या काळचे उरलेले आहेत. ‘नोएटाइम’चेच घ्या. फाइल वाचल्याची वेळ दर वेळी नोंदवू नये म्हणून तो पर्याय लावतात. पण २००९ पासून कर्नल मुळातच ‘रिलेटाइम’ने, म्हणजे ही वेळ गरजेपुरतीच नोंदवून, चालतो, त्यामुळे फरक नाममात्र पडतो. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रॅममध्ये ठेवण्याचा सल्लाही तपासून घ्यावा. ४ जीबीच्या यंत्रावर लग्नपत्रिकांच्या जडजड फाइली तिथे साचल्या की रॅम भरते, मजकूर स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जातो आणि फिरून एसएसडीवरच लिहिला जातो. स्वॅप पूर्ण बंद केला तर रॅम भरल्यावर ब्राउझर मध्येच मरू शकतो. झेडरॅम बरा: तो रॅममधलाच मजकूर दाबून बसवतो. पहाणीचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे काढून देणाऱ्या दुकानात दिवसभर ब्राउझर उघडा असतो. फायरफॉक्स उघड्या पानांची अवस्था मुळात दर १५ सेकंदांनी जपतो. हे अंतर वाढवता येते.

हिशेब मांडला की भीती बरीच ओसरते. २४० जीबीच्या स्वस्त ड्राइव्हला ८० टीबी लेखनाची हमी असेल आणि रोज २० जीबी लिहिले जात असेल, तर ती पुरायला ४,००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षे लागतात. प्रत्यक्ष आकडा ‘स्मार्टसीटीएल’ ही ड्राइव्हची तब्येत सांगणारी आज्ञा दाखवते. एनव्हीएमई (साटापेक्षा नव्या जोडणीच्या) ड्राइव्हवर ‘डेटा युनिट्स रिटन’चा, म्हणजे एकूण लेखनाचा, एक एकक ५,१२,००० बाइटांचा असतो, म्हणजे दोन कोटी एकक झाले की १०.२४ टीबी. ‘पर्सेंटेज यूज्ड’ १०० च्या वर गेले म्हणून ड्राइव्ह त्याच दिवशी मरत नाही. हमीतले आयुष्य संपले, एवढाच त्याचा अर्थ.

एक्स्ट४ फाइलप्रणाली दर ५ सेकंदांनी बदल डिस्कवर पक्के करते. झीज वाचवायला हे अंतर ठरवणारा ‘कमिट’ ६० सेकंदांवर न्या, असे सांगितले जाते. खानापूर-कणकुंबीकडे पावसाळ्यात झाड तारेवर पडले की वीज जाते. अशा वेळी शेवटच्या मिनिटाचे काम गमवायची तयारी असेल तरच हा पर्याय घ्यावा. शिवाय स्वस्त एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करण्याइतका भार साठवणारे कपॅसिटर नसतात, आणि कुठला मजकूर कुठे आहे याचा ड्राइव्हचा स्वतःचा तक्ताही बिघडू शकतो. इकडे जुन्या लॅपटॉपची मेलेली बॅटरी काढून तो नुसत्या चार्जरवर चालवायची सवय आहे. तशा यंत्राच्या एनव्हीएमई अहवालात ‘अनसेफ शटडाउन्स’ (ड्राइव्ह अचानक बंद पडल्याच्या वेळा) हा आकडा आधी पाहावा, झिजेची टक्केवारी नंतर.