स्वरदुरुस्ती तंत्र (नागपूर व विदर्भातील ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात)

ध्वनिमुद्रित गायनातील स्वराची उंची मोजून ती ठरविलेल्या स्वरस्थानाकडे सरकविण्याचे तंत्र. स्टुडिओत याला ‘पिच करेक्शन’ किंवा नुसते ‘ट्यूनिंग’ म्हणतात. ‘ऑटोट्यून’ हे एका विशिष्ट उत्पादनाचे नाव आहे, पण बोलण्यात ते साऱ्या प्रकारालाच लावले जाते. प्रस्तुत नोंदीत या तंत्राचा उगम व कार्यपद्धती यांबरोबरच रागसंगीताच्या स्वरकल्पनेशी येणारा त्याचा विरोध आणि नागपूर परिसरातील गायनप्रकारांवर होणारा परिणाम यांचा विचार केला आहे.

उगम : स्वराची उंची यंत्राने बदलण्याचे प्रयत्न या तंत्राहून बरेच जुने आहेत. ध्वनिफितीचा वेग कमीजास्त केला की स्वर वरखाली होतो, पण त्याबरोबर लयही बदलते. ही अडचण अंकीय पद्धतीने पहिल्यांदा व्यावसायिक पातळीवर दूर केली ती अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीच्या एच-९१० या ‘हार्मनायझर’ यंत्राने. ते १९७५ च्या सुमारास बाजारात आले. त्यामुळे काही लेखक स्वरदुरुस्तीचा आरंभ तेथूनच धरतात. मात्र या यंत्राला गायकाचा स्वर ओळखता येत नव्हता. किती सरकवायचे हे ध्वनिमुद्रकाने कानाने ठरवून खुंटी फिरवायची, असा तो व्यवहार होता. मोजणी आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे यंत्राने करणे हे या तंत्राचे लक्षण मानले, तर १९९७ मध्ये अँटारेस कंपनीने आणलेल्या ऑटोट्यूनपासून त्याचा आरंभ मानणे अधिक योग्य ठरते.

ऑटोट्यूनचे जनक अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे भूगर्भ-सर्वेक्षणातील अभियंते. खनिज तेलाच्या शोधासाठी जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून थरांचा नकाशा काढण्याचे गणित त्यांनी अनेक वर्षे केले होते, आणि पुढे संगीतरचनेचे रीतसर शिक्षणही घेतले. एका भोजनप्रसंगी सहकाऱ्याच्या पत्नीने ‘मला सुरात गायला लावील असे यंत्र करा’ असे थट्टेने म्हटले व त्यातून कल्पना सुचली, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. तिचा काळ १९९५-९६ च्या आसपासचा असावा. हकीकत आकर्षक असली तरी तंत्राचे खरे मूळ भूलहरींच्या गणितात आहे. त्या गणितातली आकडेमोड फार मोठी होती. हिल्डेब्रँड यांनी ती इतकी घटविली की साध्या संगणकावर गाणे चालू असतानाच दुरुस्ती शक्य झाली. त्याचे अमेरिकी पेटंट १९९९ मध्ये मिळाले.

१९९८ अखेरच्या शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात हेच साधन मुद्दाम टोकाच्या मात्रेत वापरले गेले आणि तुटक, यांत्रिक स्वराचा परिणाम जगाला माहीत झाला. निर्मात्यांनी प्रथम एका नियतकालिकाला हा परिणाम व्होकोडरचा असल्याचे सांगितले होते. तो ऑटोट्यूनचा होता हे आता सर्वमान्य आहे. व्होकोडर हे १९३० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी विकसित केलेले वेगळ्या तत्त्वावरचे उपकरण होय. जर्मनीतील पीटर नॉयबेकर यांचे मेलोडाइन २००१ पासून प्रचारात आले. त्यात प्रत्येक स्वर पडद्यावर वेगळ्या ठोकळ्यासारखा दिसतो आणि हाताने हलविता येतो.

कार्यपद्धती : गळ्यातून निघालेला स्थिर स्वर म्हणजे जवळजवळ सारख्या आवर्तनांची मालिका. पुरुष गायकाच्या काळी एकच्या (पेटीवरील पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जात, म्हणजे ‘सा’मध्ये, सेकंदाला सुमारे १३८.६ आवर्तने असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या अंकीय मुद्रणात त्याचे एक आवर्तन साधारण ३१८ नमुन्यांचे होते. संगणक ध्वनीची प्रत थोडी थोडी पुढे सरकवून मूळ ध्वनीशी ताडून पाहतो. जेवढ्या सरकावाला दोन्ही उत्तम जुळतात तेवढे आवर्तनाचे माप. या पद्धतीला स्वसहसंबंध म्हणतात. माप मिळाले की ध्वनी किंचित वेगाने किंवा संथपणे वाचला जातो आणि त्यामुळे पडणारा काळाचा फरक एखादे आवर्तन दोनदा वाजवून किंवा एखादे वगळून भरून काढला जातो.

मापनाची ही पद्धत एका वेळी एकच स्वर गृहीत धरते. मायक्रोफोनमध्ये तानपुरा, पेटी किंवा दुसरा गळा शिरला की ओळख चुकते, बहुधा सप्तकाने. म्हणून दुरुस्तीसाठी गायकाला बंद खोलीत, हेडफोन लावून, एकट्याने गावे लागते. वरवर गौण वाटणाऱ्या या अटीने सांघिक गायनाचे ध्वनिमुद्रण मुळातून बदलले आहे.

दुरुस्ती किती झपाट्याने व्हावी हे मिलिसेकंदांत ठरविता येते. हा आकडा मोठा ठेवला तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) व कंप बऱ्याच अंशी शाबूत राहतात. शून्यावर आणला तर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा रस्ताच नाहीसा होतो. मेलोडाइनमध्ये स्वराचा मध्य, त्याचे हळूहळू ढळणे आणि त्याचा कंप यांना वेगवेगळे हाताळता येते. हिंदुस्थानी गायकीसाठी हीच पद्धत त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणावी लागेल.

लक्ष्यस्वराचा प्रश्न : कोणतीही दुरुस्ती कशाकडे, हे आधी ठरावे लागते. या यंत्रणांचे मूळ लक्ष्य म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. इंग्लिश ध्वनिशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये प्रचारात आणलेल्या सेंट या मापात सप्तक १,२०० सेंटचे व प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा होतो. या विभागणीत शुद्ध गांधार (ग) ४०० सेंटवर येतो, पण तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. शुद्ध धैवत ५:३ प्रमाणाने ८८४ वर आणि समान विभागणीत ९०० वर. मध्यम-पंचमांत मात्र फरक अवघा दोन सेंटचा आहे, म्हणून या वादात त्यांचे नाव येत नाही.

चौदा सेंटचा फरक कानाला कसा जाणवतो हे मोजून दाखविता येते. काळी एकच्या षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर (मूळ स्वराच्या पाचपट आवर्तनांचा, त्याच्यासोबत उमटणारा स्वर) सेकंदाला ६९३ आवर्तनांचा असतो. समान विभागणीतल्या गांधाराचा चौथा उपस्वर ६९८.५ वर पडतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच-साडेपाच डोल ऐकू येतात. ५:४ च्या गांधारात हा डोल थांबतो. गायक ‘गांधार लागला’ असे म्हणतो तो बहुधा याच क्षणी. तानपुऱ्यावर तयार झालेल्या गळ्याचा असा गांधार यंत्र कणसूर (किंचित उतरलेला) ठरविते आणि चौदा सेंट वर ओढते. माझ्या मते या तंत्रासंबंधीच्या साऱ्या चर्चेचा गाभा येथे आहे. सुरेल गायकालाच यंत्र बेसूर ठरवू शकते.

मग लक्ष्य म्हणून बावीस श्रुती (परंपरेने मानलेली सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थाने) द्याव्यात काय? ऑटोट्यूनच्या स्वरश्रेणींच्या यादीत ‘इंडियन’ नावाची बावीस स्वरांची श्रेणी आहेही. पण श्रुतींची नेमकी स्थाने हा महाराष्ट्रातला जुना वाद आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने श्रुतींची प्रमाणे ठरविली आणि १९१० मध्ये ती प्रसिद्ध केली. मुलकी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांचा पुरस्कार केला. त्यानुसार श्रुती हार्मोनियमही तयार झाले. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर मोठी खडाजंगी झाली. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांनी व्यवहारात बारा स्वरांची चौकट पुरेशी मानली आणि श्रुतींच्या गणिती निश्चितीला फारसे महत्त्व दिले नाही. १९६३ मध्ये जयराजभॉय व स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष गायन-वादनाची मोजमापे केली. एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच मैफलीत बराच हलतो, असे त्यांना आढळले. लेव्ही यांच्या १९८२ च्या अभ्यासातूनही स्थिर बावीस स्थानांना पुष्टी मिळाली नाही. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेत बर्नार्ड बेल, विम व्हॅन डर मीर आणि सुवर्णलता राव यांनी स्वरांच्या हालचालींचे आलेख काढून हा प्रश्न पुढे नेला. देवलांची निष्ठा आणि कान यांविषयी आदर राखूनही मोजमापांचा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो, असे म्हणावे लागते. दरबारीतला आंदोलित गांधार किंवा भैरवातला रिषभ ही स्थाने नसून हालचाली आहेत.

यंत्राच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. श्रुतींच्या प्रचलित मांडणीत शेजारच्या दोन श्रुतींमधील सर्वांत लहान अंतर सुमारे २२ सेंटचे असते. म्हणजे कोणताही चुकलेला स्वर एखाद्या श्रुतीच्या जवळच सापडतो आणि यंत्र त्याला भलत्याच, रागात नसलेल्या श्रुतीवर बसविते. बारा घरांत सच्चा स्वर ओढला जातो, तर बावीस घरांत खोटा स्वर सुटून जातो.

नागपुरातील पार्श्वभूमी : लक्ष्यस्वराचा हा प्रश्न नागपूरला वेगळ्या रूपात पूर्वीच भेटला होता. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्या कारणांत पेटीचे समान विभागणीचे स्वर हे एक प्रमुख कारण होते. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्यामुळे केंद्राची पहिली दोन दशके पेटीविना, सारंगी-व्हायोलिनच्या संगतीने गेली. त्याच शहरात घरोघरी, भजनी मंडळांत आणि संगीत विद्यालयांत मात्र पेटीच वाजत होती. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य शंकरराव सप्रे यांच्याकडे नागपुरात शिकलेले वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांच्या गायकीत स्वर सरळ रेषेत क्वचितच येतो. ठोकळे पाडणाऱ्या यंत्राला त्यांच्यासारख्या तानेत एका स्वराची सीमा कोठे संपते हे ठरविणे जड जाईल. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला त्यांचे नाव आहे.

साधारण २००० नंतर संगणक स्वस्त झाले, तसे एका खोलीतले स्टुडिओ सर्वत्र वाढले आणि नागपूरही त्याला अपवाद राहिले नाही. येथील रूढ पद्धत अशी : प्रथम कीबोर्डवर ट्रॅक (गाण्याची वाद्यसाथ) तयार होतो, मग गायक त्यावर ओळीओळीने गातो, चांगल्या ओळी निवडून जोडल्या जातात आणि शेवटी आवाज ट्यून होतो. ट्रॅकच समान विभागणीचा असल्यामुळे आवाज त्याच विभागणीत आणणे तर्काला धरूनच आहे. ३८६ सेंटचा गांधार कीबोर्डच्या ४०० सेंटच्या गांधारासोबत खरोखर खटकतो. तेव्हा दोष एकट्या दुरुस्तीचा नाही. तानपुऱ्याची जागा ट्रॅकने घेतली तेव्हाच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो.

गायनप्रकारांनुसार परिणाम वेगवेगळा होतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने पुस्तकांबरोबर भीमगीते व बुद्धगीते यांच्या कॅसेट आणि पुढे सीडी मोठ्या प्रमाणात विकल्या जात. या गीतांत वरच्या पट्टीतला खुला आवाज, शब्दाची फेक आणि कोरस यांना महत्त्व आहे. चढ्या स्वरावर जोर देताना आवाज किंचित वर जातो आणि त्या चढण्यातच आवेश असतो. तो काढून टाकला की ओळ सपाट होते. कोरसचे नुकसान अधिक आहे. अनेक गळ्यांतल्या सूक्ष्म फरकांमुळेच समूहाचा भरीव नाद तयार होतो. प्रत्येक गळा एकाच बिंदूवर आणला तर दहा जण दोघांसारखे ऐकू येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) परंपरेतील खंजिरी भजन एकत्र बसून म्हणायचे असते. दुरुस्तीच्या सोयीसाठी म्हणणारे, झेलणारे आणि खंजिरी वेगवेगळ्या वेळी मुद्रित केली की परस्परांकडे पाहून होणारी लयीची घट्ट बांधणी सुटते. सुरेश भट (१९३२–२००३) यांच्यासारख्यांच्या गझलांच्या गायनात दुरुस्ती सौम्य असली तर फारशी जाणवत नाही.

गायनकौशल्य : या तंत्राने रियाज संपविला, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. थोड्या पैशांत, तासाच्या भाड्यावर घेतलेल्या स्टुडिओत नवख्या गायकाचे एखादे भावपूर्ण पण एका ठिकाणी कणसूर झालेले मुद्रण वाचविणे हा तंत्राचा रास्त उपयोग आहे. भाव पुन्हा येईलच याची खात्री नसते. शिवाय ट्यून करणाऱ्यालाही कान लागतो. कोणता स्वर चुकला आणि कोणता मुद्दाम खाली ठेवला आहे, हे पडद्यावर दिसत नाही. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच असतात, वागणूक वेगळी असते. राग न जाणणाऱ्या हातात मेलोडाइन दिले तर दोन्ही सारखेच होऊन बसतील. म्हणून स्टुडिओत गायकाच्या गुरूने किंवा संगीतकाराने ट्यूनिंगच्या वेळी हजर राहणे आवश्यक मानले पाहिजे.

अधिक गंभीर धोका हेडफोनमधला आहे. काही ठिकाणी गातानाच दुरुस्त झालेला आवाज गायकाला ऐकविला जातो. गळा आपला आवाज ऐकून स्वर सावरत असतो. ऐकू येणारा स्वर यंत्राने किंचित सरकविला तर गायक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, नकळत, उलट दिशेने सावरतो, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले आहे. आपली चूक ऐकूच आली नाही तर ती सुधारण्याची सवय लागत नाही. शिकणाऱ्या मुलांना दुरुस्त आवाज ऐकवीत गाऊ देणे या कारणाने टाळावे.

रंगमंचावर : चालू कार्यक्रमात दुरुस्ती करणारी उपकरणे उपलब्ध आहेत आणि ट्रॅकवर गाण्याच्या कार्यक्रमांना ती सोयीची पडतात, कारण तेथे माइकसमोर एकच गळा असतो. पूर्व विदर्भातील वडसा परिसरात दिवाळीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या (तेथील जंगलपट्ट्यातील) नाटकांत गाणी मंचावर प्रत्यक्ष गायली जातात. ऑर्गन आणि ढोलक माइकमध्ये शिरत असल्यामुळे स्वर ओळखण्याची वर सांगितलेली अडचण तेथे पूर्ण तीव्रतेने येते.