प्रयोगशाळा सोडून विज्ञानाच्या समाजशास्त्राकडे : पार्श्वभूमी

फिजिक्स किंवा केमिस्ट्रीत पीएच.डी. करून नंतर कुणी विज्ञानाच्या सामाजिक अभ्यासाकडे, म्हणजे विज्ञान समाजात कसं घडतं ते तपासण्याकडे वळलं, की आपल्याकडे हमखास विचारतात, 'का, जमलं नाही?' ही वाट ज्यांनी पाडली त्यांना मात्र विज्ञान शाखेनेच बोलावून घेतलं होतं.

सुरुवातीचे धागे जुने आहेत. १९३१ साली लंडनच्या परिषदेत एका सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने न्यूटनचं काम त्या काळच्या व्यापार-उद्योगाशी जोडून दाखवलं. पुढे १९६२ मध्ये फिजिक्समधूनच इतिहासाकडे आलेल्या एका अमेरिकन अभ्यासकाचं पुस्तक गाजलं. पण यातून नोकरीची जागा तयार झाली ती १९६६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथे. तिथल्या विद्यापीठात एका जनुकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने छोटा गट उभा राहिला, आणि तोही विज्ञान शाखेत, बी.एस्सी.च्या मुलांना शिकवण्यासाठी. प्रमुख म्हणून आला तो केंब्रिजचा रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. मधली काही वर्षं त्याने नभोवाणीवर विज्ञानाचे कार्यक्रम केले होते. दहा वर्षांनी एका समाजशास्त्रज्ञासोबत त्याने पुस्तक लिहिलं, तेही रेडिओ खगोलशास्त्राच्याच जडणघडणीवर. याला घर सोडणं कसं म्हणायचं?

खरा घोळ झाला तो एका शब्दावरून. या गटाने १९७६ च्या सुमारास 'सममिती'चं तत्त्व मांडलं: लोक खरी गोष्ट का मानतात आणि खोटी का मानतात, या दोन्हींची कारणं एकाच पद्धतीने शोधायची. खऱ्यासाठी 'ते खरंच आहे म्हणून' आणि खोट्यासाठी 'समाज अडाणी म्हणून', अशी दोन मापं चालणार नाहीत.

पुण्याचंच उदाहरण घ्या. २००८ च्या आसपास एका ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या, त्यांतल्या ४०-४० ज्योतिषांना धाडल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढीच आली असती. सममिती मानणारा अभ्यासक हा निकाल नाकारत नाही. लोक ज्योतिषावर विश्वास का ठेवतात हे तो विचारतो, आणि आपण टक्केवारीवर विश्वास का ठेवतो हेही. 'सगळंच सारखं खरं' असं यात कुठेही नाही. पण ऐकणाऱ्यांनी नेमकं तेच ऐकलं, आणि काही उत्साही मंडळींनी तसंच लिहिलंही.

त्याचा हिशोब १९९६ मध्ये चुकता झाला. न्यूयॉर्कच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने याच थाटात मुद्दाम अर्थहीन लेख लिहून एका सांस्कृतिक नियतकालिकाला पाठवला आणि तो छापूनही आला. हसू झालं सगळ्या क्षेत्राचं. वास्तविक त्या नियतकालिकाचा एडिनबरावाल्यांशी काही संबंध नव्हता.

भारतात हे प्रकरण जास्त जिव्हारी लागलं. १९८१ मध्ये समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवा असं सांगणारं निवेदन निघालं, त्याला विज्ञानाचीही चिकित्सा करा म्हणणारं प्रतिनिवेदन निघालं. २००१ मध्ये विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' या नावाने फलज्योतिष शिकवायचं ठरलं, तेव्हा शास्त्रज्ञ कोर्टात गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मराठीत तर अडचण दुहेरी: सायन्सही शास्त्र, ज्योतिषही शास्त्र, आणि सोवळंओवळंही 'शास्त्र असतं ते'. याच काळात सूक्ष्मजीवशास्त्रातून या विषयात आलेल्या, दोन पीएच.डी. असलेल्या एका भारतीय अभ्यासक बाईंनी आरोप केला: सममितीच्या भाषेनेच 'वेदांतच सगळं विज्ञान आहे' म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत दिलं. मला हा आरोप अर्धाच पटतो. 'ज्योतिर्विज्ञान' शब्द घडवणाऱ्यांना स्कॉटलंडच्या परवानगीची गरज नव्हती.

एडिनबराचा तो गट आज विज्ञान शाखेत नाही. फेररचनेत तो सामाजिक आणि राज्यशास्त्राच्या छपराखाली गेला.