भूसंपादनातील खातेदार

सार्वजनिक प्रयोजनासाठी ज्याची जमीन शासन संमतीवाचून, पण मोबदला देऊन घेते, तो जमीनधारक. कायद्यातील ‘हितसंबंधित व्यक्ती’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. तीत कूळ, गहाणदार व वहिवाटीचा हक्क असलेला शेजारीही येतो.

या सत्तेचे मूळ काहींच्या मते राजाच्या जमीनमालकीत आहे. तथापि मालकी रयतेची धरूनच मोबदला दिला जात असल्याने, डच विधिज्ञ ग्रोशियसने (1625) मांडलेली सार्वभौमत्वाची उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. भारतातील पहिला कायदा सामान्यतः बंगालचा 1824 चा विनियम मानतात. मुंबई व कुलाबा बेटांवरील रस्ते रुंद करण्यासाठी 1839 चा अधिनियम आला, तर सर्व ब्रिटिश प्रदेशाला लागू होणारा 1857 मध्ये. लवादाऐवजी दिवाणी न्यायालयाकडे जाण्याची वाट 1870 मध्ये खुली झाली. 1894 चा अधिनियम 31 डिसेंबर 2013 पर्यंत चालला. मुळशी धरणाखालची जमीन त्याच्याच आधारे गेली.

सध्याच्या अधिनियमानुसार (अंमल 1 जानेवारी 2014) प्राथमिक अधिसूचनेनंतर 60 दिवसांत हरकती घेता येतात. संयुक्त मोजणीच्या वेळी खातेदाराने बांधावर हजर राहणे महत्त्वाचे. विहीर, जमिनीखालची पाइपलाइन, फळझाडांची संख्या व वय पंचनाम्यात आले नाही, तर पुढे ते सिद्ध करणे जिकिरीचे होते. बाजारमूल्यासाठी मुद्रांक शुल्काचा दर आणि मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्यांची सरासरी यांतील जास्त आकडा धरतात. गावोगावी खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची रीत असल्याने ती इथे विक्रेत्याच्या शेजाऱ्यांनाच भोवते. समजा, 40 आर जमीन, दर हेक्टरी 10 लाख रुपये, ग्रामीण गुणक (बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो आकडा) 2: जमिनीचे 8 लाख, विहीर व झाडांचे 1 लाख, त्या 9 लाखांवर 100 टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), एकूण 18 लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) किंवा ताबा यांपैकी जे आधी घडेल तोवर बाजारमूल्यावर सालीना 12 टक्के. जुन्या कायद्यात दिलासा 30 टक्के होता, 1984 पूर्वी 15.

रक्कम अडकते ती बहुधा 7/12 मुळे. मयत वडिलांचे नाव, न झालेला वारस फेरफार, न फोडलेला पोटहिस्सा, इतर हक्कांतील फिटलेल्या कर्जाचा बोजा यांपैकी काहीही निघाले की वाद होतो व पैसे असे वाद निवडणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होतात. मोबदला कमी वाटल्यास पावतीवर ‘हरकत राखून’ असे लिहूनच तो उचलावा. विनाहरकत उचलल्यास वाढीव मोबदल्याचा अर्ज चालत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असल्यास त्या अर्जाची मुदत सहा आठवडे. घराचा काही भागच संपादित होत असेल, तर संपूर्ण घर घेण्याची मागणी करता येते.

शेजाऱ्याला वाढीव दर मिळाला, तर त्याच अधिसूचनेतील, स्वतः अर्ज न केलेला खातेदार त्या निर्णयापासून तीन महिन्यांत फेरनिर्धारण मागू शकतो. राष्ट्रीय महामार्गासाठी मात्र 1956 चा स्वतंत्र कायदा असून तेथे दाद लवादाकडे मागावी लागते.