भट्टीतील काचकाम (बेळगाव सीमाभाग)

थंड काच कापून, तिचे तुकडे मांडून, विजेच्या भट्टीत तापवून ते एकजीव करणे किंवा साच्यात बसवणे म्हणजे भट्टीतील काचकाम. फुंकणीवर, म्हणजे काच फुंकायच्या लांब नळीवर, काम करणाऱ्या कारागिराला वितळलेल्या काचेची भट्टी अखंड पेटती ठेवावी लागते. या कामात तसे नसते. सगळी मांडणी गार भट्टीत होते, झाकण लागते आणि ते उघडते दुसऱ्या दिवशी. म्हणून एका खोलीत एकट्या माणसालाही हे काम झेपते.

पद्धत फुंकणीपेक्षा जुनी आहे. भूमध्य समुद्राच्या काठी रंगीत काचेचे काप जोडून, साच्यात बसवून भांडी होत असत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फुंकणी आली आणि हा प्रकार मागे पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी क्रो याने काचेच्या भुकटीचा लगदा साच्यात भाजून त्याला पुन्हा कलेत जागा दिली. आजच्या कलाकारांना मोठा आधार मिळाला तो एकमेकांशी जुळतील अशा रंगीत काचा बनू लागल्यावर. अशा काचा बनवणारी अमेरिकेतील पोर्टलंडची बुल्सआय ही कंपनी १९७४ साली सुरू झाली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याला भट्टी नवी नाही. खानापूरची माती, तिथली कौले आणि विटा सर्वांना ठाऊक आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशिनशॉप आहेत. काच शिकू पाहणाऱ्याने आधी या दोन ठिकाणी चार दिवस घालवावेत, कारण साच्याचे सारे गणित तिथे उलगडते.

गार होताना प्रत्येक वस्तू आकसते, पण सारखी नाही. भाजलेली माती काचेपेक्षा कमी आकसते, पोलाद काचेपेक्षा जास्त. वाडग्यासारख्या खोलगट मातीच्या साच्यात काच उतरवली तर गार होताना ती आतल्या बाजूला आकसून साच्यापासून सुटते. तोच साचा पालथा घालून वरून काच सोडली, तर काच साच्याला आवळते आणि तडकते. पालथ्या आकारासाठी पोलादी साचा घ्यावा. तो काचेच्या आधी आत सरतो आणि काचेला मोकळी करतो. थोडक्यात, खोलगट कामासाठी कुंभाराकडे जावे आणि उंचवट्याच्या कामासाठी लेथवाल्याकडे. खानापूरच्या लाल मातीचा साचा एकदा नीट भाजून, तळाशी हवा जायला बारीक भोके पाडून उत्तम चालतो. साचा मातीचा असो वा पोलादी, त्यावर ॲल्युमिनाची भुकटी आणि चिनी माती समप्रमाणात पाण्यात कालवून पातळ लेप द्यावा आणि तो खडखडीत वाळू द्यावा. लेप नसेल तर काच साच्याला कायमची चिकटते.

बाजारात सहज मिळते ती खिडकीची साधी काच, म्हणजे फ्लोट काच. पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने ती वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते, त्यामुळे तिच्या एका बाजूला कथिलाचा अंश राहतो. ही बाजू साच्याच्या आतल्या वळणात दबली की तिच्यावर धुरकट थर उमटतो. ती ओळखायला लघुलहरी अतिनील दिवा लागतो. कथिलाची बाजू त्याखाली दुधाळ उजळते. नोटा तपासायचा साधा जांभळा दिवा इथे उपयोगाचा नाही. टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली काच कापता येत नाही, कटर लावताच तिचा चुरा होतो.

चार एमएमच्या दोन काचा एकजीव करायच्या असतील तर सुरुवातीला पुढील वेळापत्रक धरावे. ताशी १५० अंश सेल्सिअसने ५५० पर्यंत चढवावे. ६५० ते ६८० च्या दरम्यान अर्धा तास थांबावे, म्हणजे दोन काचांमधली हवा कडेने निघून जाते. पुढे वेगाने ८२० ते ८३० पर्यंत न्यावे आणि तिथे दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. ७०० ते ८०० च्या पट्ट्यात रेंगाळू नये. तिथे जास्त वेळ गेला, किंवा काचेवर बोटांचे तेलकट ठसे राहिले, तर पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि चकाकी जाते. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणारी तार, कुठे बसवले आहे यावर आकडे दहा-वीस अंशांनी मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येक भट्टीची स्वतंत्र वही ठेवावी.

खरे कौशल्य यानंतर लागते. काच वितळवणे कोणालाही जमते; ती शहाण्यासारखी गार करणे हीच विद्या. कामाचे मोलही तिथेच ठरते. काचेचा वरचा थर आधी गार झाला आणि गाभा मागे राहिला, तर आत ताण अडकतो. अशी वस्तू देखणी दिसते आणि आठवड्याने कपाटात आपोआप दुभंगते. ताण सुटावा म्हणून ठरावीक तापमानाला थांबून सावकाश उतरणे म्हणजे अनुशीतन. फाउंड्रीतला माणूस त्यालाच ॲनिलिंग म्हणतो आणि ओतकामाच्या अनुभवातून त्याचे महत्त्व जाणतो. वरच्या कामात भट्टी झाकण न उघडता ५५० वर उतरू द्यावी, तिथे तास-दीड तास धरावी, मग ताशी ६० अंशांनी ४०० पर्यंत आणावी आणि बंद करावी. हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नव्हे, जवळपास चौपट लागतो. पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचा आरसा अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीने १९३४ मध्ये ओतला, तेव्हा तो गार करायला सुमारे दहा महिने दिले होते, आणि तीही कमी प्रसरण पावणारी काच होती.

तडा कधी गेला हे कडा सांगतात. तड्याच्या कडा गोलसर असतील तर काच चढत्या तापमानात फुटली आणि नंतर वितळताना कड गोल झाली. पुढच्या वेळी सुरुवात हळू करावी. कडा धारदार असतील तर दोष उतरतीचा. दोन रंगांच्या सीमेवरून तडा गेला असेल तर त्या दोन काचा एकमेकींना मानवत नाहीत.

या शेवटच्या दोषाला नवशिके हमखास बळी पडतात, विशेषतः फुटक्या बांगड्या वापरताना. कासाराच्या दुकानातले रंगीत तुकडे फुकट मिळतात, दिसतातही सुरेख. पण त्यांची काच आणि खिडकीची काच सारखी आकसेलच असे नाही. चाचणी सोपी आहे. खिडकीच्या काचेच्या पट्टीवर बांगडीचे दोन-तीन बारीक तुकडे ठेवून पट्टी वरच्या वेळापत्रकाने भाजावी. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून पट्टी त्यासमोर धरावी आणि पोलराइज्ड गॉगलची काच फिरवत फिरवत पडदा काळा होईल अशा बेताने मधून पाहावे. काळ्या पार्श्वभूमीवर तुकड्याभोवती उजळ कडे दिसले की ताण आहे. ती बांगडी बाजूला काढावी. बाटल्यांनाही हाच नियम. एका बाटलीची काच तिच्याशीच जुळते, दुसऱ्या बाटलीशी जुळेल याची हमी नाही.

भट्टीच्या अस्तराचे सिरॅमिक फायबर, लेपाची भुकटी आणि काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावावा आणि कडा पाण्याखाली घासाव्यात. शिसे असलेले रंग जेवणाच्या भांड्यांना लावू नयेत. देव्हाऱ्यासाठी काम करताना ज्योत काचेला चाटेल अशी समई-निरांजनाची बैठक विकू नये. एकाच जागी उष्णता लागून ती तडकते. देवाच्या मागची नक्षीची काच, घराच्या नावाची मराठी-कन्नड पाटी, खिडकीतली चौकट यांना अशी जोखीम नाही.

लहान भट्टी घरच्या जाड पिनच्या सॉकेटवर चालते, मोठीला थ्री-फेज जोडणी लागते. खानापूरकडच्या पावसात वीज जाण्याचा प्रश्न खरा आहे. विटांची भट्टी उष्णता धरून ठेवते. फायबरची लवकर गार होते, म्हणून जाड काम पावसाळ्यात तिच्यात लावू नये.

व्यवसायात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काचेच्या दुकानासारखा चौरस फुटाचा भाव सांगणे. गिऱ्हाईक तसेच विचारते, पण विकली जाते ती भट्टीची वेळ. समजा भाडे, वीज, कॉइलची झीज मिळून महिन्याला ₹१२,००० जातात आणि महिन्यात १५ वेळा भट्टी लावली जाते. मग एकदा झाकण लागले की ₹८०० खर्ची पडले, आत एक ताट असो वा सहा. तीन दिवस गार होणाऱ्या जाड तुकड्याने तीन भट्ट्यांची जागा खाल्ली, म्हणून त्याच्यावर ₹२,४०० चढवायलाच हवेत. काच, कडांची घासाई, फुटतूट आणि स्वतःची मजुरी त्यानंतर. विजेचा अंदाज बांधत बसू नये. भट्टी लावण्याआधी आणि उतरल्यावर मीटर पाहून लिहून ठेवावा.

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी ही इथल्या माणसाला सोयरिकीची गावे, पण जीएसटीच्या हिशेबात परराज्य. तिकडे माल विकण्याआधी नोंदणीचा आणि हस्तकलेच्या सवलतीचा नियम कर सल्लागाराकडून समजून घ्यावा. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे, काचकाम नाही. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी मात्र ऑनलाइन आणि विनाशुल्क होते.

दुकानात माल ठेवून विकायला दिला तर दोघांच्या सहीची यादी हवी, आणि फुटले तर कोणाचे हेही त्यात लिहावे. वास्तुविशारदाच्या कामात आधी हातभर नमुना मंजूर करून घ्यावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि चौकटीत काचेला प्रसरणाची फट ठेवायला सांगावे. जिन्याच्या कठड्याला ही काच देऊ नये. तिथे प्रमाणित सुरक्षा काचच लागते. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा माल आडवा रचू नये. तावदाने उभी, प्रत्येकामध्ये पुठ्ठ्याचा जाड थर, आणि खोक्यावर मराठी-कन्नड दोन्हींत ‘काच, उभे ठेवा’ असे ठळक लिहावे.