पॉलिपायरोलचे कृत्रिम स्नायू

विद्युतवाहक पॉलिमरच्या पातळ थराला एक-दोन व्होल्ट दिले की तो किंचित फुगतो आणि व्होल्टेज उलटे केले की आक्रसतो. या हालचालीवर चालणाऱ्या पट्ट्यांना कृत्रिम स्नायू किंवा मृदू अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. पॉलिअ‍ॅनिलिन आणि पीडॉट हे पॉलिमरही या कामाला चालतात, पण सर्वाधिक अभ्यास पॉलिपायरोलचा झाला आहे.

पॉलिमर वीज वाहू शकतात हे १९७७मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीनवरील कामातून सिद्ध झाले. त्याबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हालचालीकडे मात्र लक्ष गेले ते १९९०च्या दशकात. स्वीडनमधील लिंशोपिंग येथे इंगानेस आणि सहकाऱ्यांनी सोने व पॉलिपायरोल यांच्या जोडथराच्या सूक्ष्म बिजागऱ्या केल्या. २००० साली त्याच विद्यापीठातील याग्येर यांच्या गटाने अशा बिजागऱ्यांच्या इवल्याशा हाताने द्रवात बुडलेला १०० मायक्रॉनचा काचमणी उचलून हलवून दाखवला.

हालचाल घडवतात ते आयन. पॉलिमरच्या साखळीतून इलेक्ट्रॉन काढले (ऑक्सिडीकरण) की साखळीवर धनभार येतो. तो फेडायला भोवतालच्या द्रावणातले ऋण आयन सोबत द्रावक घेऊन आत शिरतात आणि थर फुगतो. क्षपण झाले (साखळीला इलेक्ट्रॉन परत मिळाले) की ते बाहेर पडतात. पण पॉलिमर बनतानाच डोडेसिलबेंझीनसल्फोनेटसारखा बोजड ऋण आयन आत अडकवला, तर तो बाहेर पडू शकत नाही. मग क्षपणाच्या वेळी सोडियमसारखे धन आयन आत येतात आणि थर उलट वेळी, म्हणजे क्षपणात, फुगतो. कुठली बाजू कधी लांबणार हे डोपंटवर (पॉलिमर बनताना आत घेतलेल्या आयनावर) ठरते. हे न पाहता तारा जोडल्या तर पट्टी अपेक्षेच्या विरुद्ध वाकते.

प्रयोगशाळेत सर्वात सोयीची रचना तीन थरांची. मध्ये पीव्हीडीएफ या प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा (जाडी सुमारे ११० मायक्रॉन), त्याच्या दोन्ही अंगांना स्पटरिंगने (निर्वातात धातूचे कण उडवून) दिलेला सोन्याचा अतिपातळ थर आणि त्यावर द्रावणात वीज सोडून वाढवलेले पॉलिपायरोल. त्या द्रावणासाठी १०० मिलि प्रॉपिलीन कार्बोनेटला सुमारे ०.७ मिलि पायरोल (ज्याच्या रेणूंची साखळी म्हणजे पॉलिपायरोल), २.९ ग्रॅम लिथियम टीएफएसआय (ऋण आयन पुरवणारा लिथियमचा क्षार) आणि वजनाने १ टक्का पाणी घ्यावे. पायरोल ताजे ऊर्ध्वपातित हवे. तपकिरी पडलेले वापरले तर थर ठिसूळ येतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिअँपिअर प्रवाह, तापमान उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वेळ सुमारे १२ तास. एवढ्यात प्रत्येक बाजूला ३० मायक्रॉनच्या घरातला थर बसतो. घाई करून प्रवाह वाढवला की थर खडबडीत आणि भुसभुशीत होतो; थंडीत सावकाश वाढवलेला थर घट्ट व लवचीक निघतो.

यानंतरची पायरी छोटी असली तरी तिच्यावर बरेच अवलंबून आहे. पडद्याच्या कडांवरूनही पॉलिमर चढलेला असतो आणि तो दोन्ही बाजू एकमेकींना जोडतो. म्हणून धारदार पात्याने चारही कडा कापून टाकाव्यात आणि दोन्ही बाजूंमधला रोध मीटरने पाहावा. शॉर्ट राहिलेली पट्टी जागची हलत नाही, नुसती तापते. कापलेली पट्टी लिथियम टीएफएसआयच्या प्रॉपिलीन कार्बोनेटमधल्या द्रावणात मुरवून ठेवावी. व्होल्टेज शक्यतो ±१ व्होल्टच्या आत असावे. टीएफएसआय आयन फिरता असल्याने धन बाजू फुगते आणि पट्टी ऋण बाजूकडे वळते.

साधारण ताण (लांबीतला बदल) २ टक्क्यांच्या आसपास असतो. खास बनवलेल्या थरांत तो १० टक्क्यांपुढेही नोंदवला गेला आहे. सस्तन प्राण्यांचा स्नायू २० टक्क्यांपर्यंत आखडतो. मात्र पॉलिपायरोल काही मेगापास्कल बल-दाब पेलतो आणि स्नायूचा सततचा दाब साधारण ०.१ मेगापास्कल असतो. डायइलेक्ट्रिक इलॅस्टोमरला (विद्युतक्षेत्राने दबणाऱ्या रबरासारख्या पदार्थाला) हजारो व्होल्ट लागतात, त्या मानाने इथले एक-दोन व्होल्ट ही फार मोठी सोय आहे.

अडचणीही आयनांमुळेच येतात. आयन थरातून पसरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला तर जोर वाढतो, पण प्रतिसाद चौपट मंदावतो. व्होल्टेज जास्त दिले की अतिऑक्सिडीकरण होते: पाणी पायरोलच्या वलयावर हल्ला करते, साखळीचा सलगपणा तुटतो आणि वाहकता कायमची जाते. वारंवार फुगण्या-आक्रसण्याने सोन्यापासून थर सुटतो. सोन्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवला तर पकड टिकते. हवेत चालवायचे असेल तर पाण्याऐवजी प्रॉपिलीन कार्बोनेट बरे, कारण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २४० अंश सेल्सिअस आहे आणि ते हळू सुकते. त्याहून कमी बाष्पशील असे आयनी द्रव (साध्या तापमानाला द्रव राहणारे क्षार) हाही एक पर्याय.

लांब पट्टीत आणखी एक पेच आहे. क्षपित पॉलिपायरोल वीज नीट वाहत नाही, त्यामुळे संपर्कापासून दूरच्या टोकाला व्होल्टेज पोचतच नाही आणि फक्त मुळाकडचा भाग काम करतो. पोकळ नळीच्या आकाराच्या स्नायूत यावर उपाय म्हणून भिंतीत प्लॅटिनमची बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळतात. तारेतून वीज सगळीकडे पोचते आणि नळीच्या लांबण्याला अडथळाही होत नाही.